टिबू विरारच्या फलाटावर : शहरांची तुलना आणि घरपट्टीची पावती

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं जोडली आहेत.)



काही दिवसांपूर्वी आमच्याकडे एक तरुण जोडपं आलं होतं. तो अंधेरीला एका कंपनीत हिशेब पाहतो, ती दहिसरला शाळेत शिकवते. घर घ्यायचं होतं. प्रश्न एवढाच, की मीरा रोडला घ्यावं की विरारला? त्यांनी वहीत दोन रकाने आखून आणले होते. फुटाचा भाव, रेल्वेचा पास, सोसायटीचा मेंटेनन्स आणि शेवटी घरपट्टी. त्यांनी पाहिलेल्या दोन घरांपैकी विरारच्या घराची घरपट्टी कमी सांगितली होती, म्हणून तिथे बरोबरची खूण. मुलगी म्हणाली, "सर, कर कमी म्हणजे शहर स्वस्त, असंच ना?"

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला घर कुठे घ्यावं हे सहसा कुणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे. आम्ही त्यांना चहा दिला, उत्तर दिलं नाही. कारण प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. आजचं व्याख्यान म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर आहे असं समजा.

त्या मुलीच्या प्रश्नामागे एक सिद्धांत आहे. तिला त्याचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. पण बिल्डरांच्या जाहिरातींत, पुढाऱ्यांच्या भाषणांत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'आमचं शहर विरुद्ध तुमचं शहर' अशा तक्त्यांत तोच सिद्धांत बोलत असतो. आज त्याची तपासणी करू.

टिबू काय म्हणाला

१९५६ साली चार्ल्स टिबू या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने स्थानिक खर्चाच्या सिद्धांतावर एक लेख लिहिला. लेख जेमतेम नऊ पानांचा. त्याच्या दोन वर्षं आधी पॉल सॅम्युएलसन यांनी असं दाखवलं होतं, की सार्वजनिक सोयींसाठी कोण किती पैसे मोजायला तयार आहे हे बाजार शोधून काढू शकत नाही. रस्त्यावरचा दिवा सगळ्यांनाच उजेड देतो, तेव्हा 'मला दिवा नकोच होता' म्हणून वर्गणी चुकवणारा निघणारच. लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय निघाला की तळमजल्यावाले काय म्हणतात, ते आठवा म्हणजे झालं.

टिबू म्हणाला, देशाच्या पातळीवर हे खरं असेल, पण शहरांच्या पातळीवर नाही. शहरं पुष्कळ असतात. प्रत्येक शहर काही सोयी देतं आणि त्याचा कर घेतं. माणूस फिरून बघतो आणि आपल्याला पटेल त्या शहरात राहायला जातो. जिथे सोयीच्या मानाने कर जास्त, तिथून लोक निघून जातात. म्हणजे माणूस मतपेटीत मत टाकतो, तसंच पायांनीही टाकतो. यातून शहराशहरांत स्पर्धा लागते आणि ती सगळ्यांच्या भल्याची ठरते.

विचार देखणा आहे, आणि टिबू प्रामाणिकही होता. आपली गृहीतकं त्याने लेखातच क्रमाने लिहून ठेवली. एकूण सात. आमची तक्रार त्याच्यापेक्षा त्याचा निष्कर्ष उचलून गृहीतकं मागे टाकणाऱ्यांविषयी आहे. त्या सातांपैकी चार आज आपण वसई-विरारमध्ये आणून उभी करू. ती इथे टिकतात का, बघू.

पहिलं : सगळे लाभांशावर जगतात

टिबूचं एक गृहीतक असं आहे, की नोकरीच्या ठिकाणामुळे येणारं बंधन विचारात घ्यायचं नाही. सगळी माणसं लाभांशावर जगतात असं मानावं. म्हणजे शेअर घेऊन ठेवलेत, पैसे आपोआप येतात, मग कुठेही राहा.

हे वाक्य आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा सकाळची विरार गाडी डोळ्यांसमोर आली. रेल्वेच्या इतिहासात नोंद आहे, की विरारहून बॅक बेकडे पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. दीडशेहून अधिक वर्षं झाली, या गावाची घडी त्या रुळांवर चालते आहे. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. त्या गाडीच्या दारात लोंबकळणारा माणूस लाभांशावर जगत नाही. अंधेरीला, लोअर परळला काम आहे आणि तिथे खोली परवडत नाही, म्हणून तो इथे राहतो. त्याने वसई-विरारची घरपट्टी बघून शहर निवडलं असं म्हणणं म्हणजे त्याची थट्टा आहे.

आता त्याच्या पैशाचा प्रवास बघा. पगारातून व्यवसाय कर कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये. ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६व्या कलमातच आहे. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला, रोजगार हमी योजनेसाठी, आणि तो जातो राज्याच्या तिजोरीत. आयकर केंद्राकडे. ज्या कचेरीत तो दिवसभर बसतो तिचा मालमत्ता कर मुंबई महापालिकेकडे, तोही बिगरनिवासी दराने. आणि वसई-विरार महापालिकेकडे काय येतं? तो रात्री ज्या खोलीत झोपतो तिची घरपट्टी. पाणी, गटार, कचरा, पोरांचं खेळण्याचं मैदान, रात्री-अपरात्री लागणारा दवाखाना आणि शेवटी स्मशानभूमी, हे सगळं मात्र इथेच पुरवायचं. कामाचा माणूस मुंबई वापरते, तो माणूस सकाळी कामाला उभा राहील अशी व्यवस्था वसई करते.

जगात हा प्रश्न इतरांनाही पडला आहे. जपानमध्ये रहिवासी कर आहे. उत्पन्नाच्या साधारण १० टक्के, आणि तो जिथे घर आहे तिथल्या पालिकेला आणि प्रांताला मिळतो. टोकियोत काम करून बाहेर राहणारा माणूस आपल्या गावाच्या शाळेचा खर्च असा उचलतो. न्यूयॉर्कने नेमकं उलट केलं होतं. १९६६ पासून १९९९ पर्यंत बाहेरून कामाला येणाऱ्यांच्या पगारावर त्या शहराने कर घेतला. एके ठिकाणी राहतं गाव म्हणतं, 'तुला आम्ही सांभाळतो, पैसे आम्हाला दे.' दुसरीकडे कामाचं शहर म्हणतं, 'आमचे रस्ते वापरतोस, पैसे आम्हाला दे.' दोन्ही बाजूंना काही म्हणणं आहे. कोण कुणाचं देणं लागतो हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो आधी सोडवल्याशिवाय हिशेब सुरूच होत नाही. आपल्याकडे तो विचारलाही जात नाही, कारण असा कर लावण्याचा अधिकार ना मुंबईला आहे, ना वसईला.

दुसरं : सगळ्यांना सगळं माहीत असतं

टिबूचं दुसरं गृहीतक असं, की कोणतं शहर काय देतं आणि काय घेतं याची पूर्ण माहिती प्रत्येकाला असते.

नालासोपाऱ्यात एक बाई भेटल्या होत्या. त्यांच्या इमारतीला नोटीस लागली होती. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घरपट्टीच्या पावत्या काढल्या, सालवार लावलेल्या, एकही वर्ष न चुकवता. म्हणाल्या, "घर बेकायदा होतं तर कर कशाला घेतला?" तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही परीक्षेत आम्ही यापेक्षा चांगला प्रश्न काढलेला नाही.

कायद्याचं उत्तर असं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं २६७-अ कलम म्हणतं, की अनधिकृत बांधकामावर मालमत्ता करही लागेल आणि त्याच्या दुप्पट शास्तीही लागेल. पण ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं मानायचं नाही. पुढे लहान घरांना शास्तीतून सवलत मिळाली, पण तत्त्व कायम राहिलं. म्हणजे पैसे घेण्यापुरतं घर आहे, आणि घर म्हणून विचाराल तर ते नाही! तर्कशास्त्रात याला विसंगती म्हणतात. पालिकेच्या वहीत त्याला उत्पन्न म्हणतात.

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारतींचं प्रकरण तुम्हाला माहीत आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून त्या पाडल्या गेल्या. जमीन कशासाठी राखीव होती? सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी. शहराला ज्या सोयीची सर्वांत जास्त गरज, तिच्याच जागेवर घरं उभी राहिली, विकली गेली, आणि ती विकत घेणाऱ्याला हे कळायला काही सोपा मार्ग नव्हता. त्याच्या हातात करारनामा होता, विजेचं बिल होतं. ही 'पूर्ण माहिती' नव्हे. या शहरात स्वस्त घराच्या किमतीत अज्ञानाचा वाटा किती, हे त्या तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

तिसरं : सगळे कुठेही जाऊ शकतात

तिसरं गृहीतक, माणूस पूर्णपणे मोकळा आहे. आवडलं नाही की निघाला.

वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून. पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी कडाडून विरोध केला. केळीच्या बागा, फुलं, भाजीपाला, विड्याची पानं, किनाऱ्याला मासेमारी अशी ती गावं. त्यांचं म्हणणं होतं, की पालिका आली की कर वाढेल, मागून इमारती येतील आणि विहिरी जातील. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनासाठी सिडको नेमली गेली, तेव्हापासून हरित वसईच्या चळवळीत, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या तोंडून, लोकांनी हे ऐकलं होतं. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला, पालिका न्यायालयात गेली, आणि प्रश्न दहा वर्षांहून अधिक काळ लोंबकळत राहिला.

यात टिबू कुठे बसतो? वाडवळ किंवा कुपारी शेतकऱ्याला पायांनी मत देता येत नाही, कारण त्याची वाडी त्याच्या पायांबरोबर चालत नाही. म्हणून त्याने मागणी केली की आम्ही नाही हलणार, तुमची हद्द हलवा. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या पुस्तकात दोन मार्ग सांगितले होते : निघून जाणं आणि आवाज उठवणं. ज्याला जाता येत नाही त्याच्याकडे आवाज एवढंच उरतं. आणि तो आवाज ऐकायला सभागृह लागतं. आपल्या नगरसेवकांची मुदत जून २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांनी केला. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मीरा-भाईंदरची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. तेव्हा या तिन्ही शहरांची तुलना करताना एक गोष्ट तिघांत सारखी होती. कर देणाऱ्याला कर ठरवणारा निवडता येत नव्हता.

चौथं : एका शहराचा भार दुसऱ्यावर पडत नाही

चौथं गृहीतक, एका शहराच्या सोयी-गैरसोयी शेजाऱ्याच्या दारात जात नाहीत.

मीरा-भाईंदर आणि वसई-विरार ही दोन शहरं एका खाडीच्या दोन काठांवर. आता सूर्या प्रकल्पाची प्रादेशिक पाणी योजना घ्या. एकूण ४०३ दशलक्ष लिटर रोज. त्यातलं १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. दोन्हीकडचे पुढारी आपल्या वाट्याचं श्रेय घेतात, आणि तुम्हाला जास्त, आम्हाला कमी, असा वाद होतो. पण हे पाणी येतं कुठून? धामणी धरणातून. ते धरण बांधलं गेलं ते डहाणू, विक्रमगड, पालघर भागातल्या शेतीच्या सिंचनासाठी. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी आपल्या वाट्याचं पाणी शहरांकडे वळवण्याला विरोध केला, मोर्चे काढले.

आता आपल्या जोडप्याची वही परत उघडा. दोन रकाने आहेत. विक्रमगडच्या शेतकऱ्याचा रकाना कुठे आहे? तो मीरा रोडलाही घरपट्टी भरत नाही, विरारलाही नाही. पण दोन्ही घरांच्या नळाला येणाऱ्या पाण्यात त्याच्या दुबार पिकाचा वाटा आहे. जो तुलनेत नाही, त्याच्याकडूनच दोघं घेतात. शहरांच्या स्पर्धेबद्दल बोलताना हे वाक्य आम्हाला सारखं आठवतं.

कर ठरवतो कोण?

आतापर्यंत माणसाविषयी बोललो. आता शहराविषयी. शहरं आपापले कर ठरवतात आणि स्पर्धा करतात, असं ही कल्पना धरून चालते. आपल्याकडे शहराच्या हातात किती कर आहेत?

पूर्वी जकात होती. दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी या नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांसाठी २०१० पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी आली, व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला ती माफ झाली. मुंबईची जकात मात्र ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत चालू होती. मग जीएसटी आला. राज्याने कायदा केला, की महापालिकांचं बुडालेलं उत्पन्न राज्य भरून देईल, जुन्या वसुलीच्या पायावर, दर वर्षी ८ टक्के चक्रवाढीने.

ऐकायला हे न्याय्य वाटतं. सगळ्यांना सारखेच ८ टक्के. पण जरा गणित करू. समजा मुंबईला १०० रुपये मिळत होते आणि आपल्याला १०. दहा वर्षांनी मुंबईला सुमारे २१६ मिळतील, आपल्याला साडेएकवीस. प्रमाण तेच राहिलं, पण अंतर ९० वरून १९४ झालं. मुंबईची वसुली मोठी होती, कारण तिथे बंदर आहे, विमानतळ आहे, शंभर वर्षांचा बाजार आहे. आपली महापालिका २००९ ची. ग्रामपंचायतींची गावं, जकात आधीच गेलेली, एलबीटी आली आणि चार दिवसांत गेली. पाया लहान, तो लहानच गोठला. इथे माणसं मात्र दर वर्षी वाढताहेत. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहर १२ लाख २२ हजारांचं होतं आणि मुंबई १ कोटी २४ लाखांची. म्हणजे आपण लोकसंख्येने मुंबईचा दहावा हिस्सा, आणि तेही पंधरा वर्षांपूर्वी. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. आपला त्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतही पोहोचत नाही.

म्हणूनच मुंबईला १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करणं परवडलं. परिणाम काय झाला? मुंबईत कोटीच्या पुढे किंमत गेलेल्या ४५० फुटांच्या घराला कर नाही, आणि नालासोपाऱ्यात हप्ते फेडून घेतलेल्या वन रूम किचनला आहे. यात नालासोपाऱ्याची पालिका लोभी आणि मुंबईची उदार असं काही नाही. एकीच्या घरात दुसरं उत्पन्न आहे, दुसरीच्या घरात नाही. करांचे दर शेजारीशेजारी मांडून जे कुणी निष्कर्ष काढतात, त्यांनी आधी कुणाच्या हातात किती पत्ते दिलेत ते मोजावं.

पण वसईकरांनो, आपली बाजू एवढ्यावर सुटत नाही. हातात जे पत्ते होते ते आपण कसे खेळलो? इमारतीच्या परवानगीतून मिळणारं विकास शुल्क हे सोपं उत्पन्न असतं. ते एकदाच येतं. त्या इमारतीचा कचरा रोज येतो, सांडपाणी रोज येतं, आणि पंधरा वर्षांनी तिच्या पाइपांची दुरुस्ती येते. एकदाच येणाऱ्या पैशावर रोजचा खर्च टाकला की पुढच्या वर्षीचा खर्च भागवायला आणखी इमारती लागतात. हे चक्र आपण मुंबईकडून शिकलो नाही, ते आपलंच आहे. अनधिकृत बांधकामांकडे झालेला काणाडोळाही कुणी बाहेरून आणलेला नाही.

टिबू कुठे खरा ठरतो

न्याय म्हणून टिबूचं एक मान्य करायला हवं. त्याचा सिद्धांत आपल्या प्रदेशात एके ठिकाणी अगदी तंतोतंत लागू पडला. भिवंडीच्या भोवतालच्या ग्रामपंचायतींत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, जमीन स्वस्त, मुंबई जवळ. म्हणून व्यापाऱ्यांनी गोदामं तिकडे हलवली, आणि बघता बघता तिथे देशातल्या मोठ्या गोदामपट्ट्यांपैकी एक उभा राहिला. पण लक्षात घ्या, पायांनी मत कुणी दिलं? मालाने दिलं. गोदामाला पोरांची शाळा नसते, म्हातारी आई नसते, वाडी नसते. कराची स्पर्धा ज्याला हलता येतं त्याच्या फायद्याची असते. तिची किंमत, ज्याला हलता येत नाही तो मोजतो.

आणि शहराशहरांचं वैर करांतून लढण्याचा अनुभव वसईला जुना आहे. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, पण वसई, साष्टी, ठाणं स्वतःकडे ठेवलं. वसई तेव्हा त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी. १६६८ मध्ये मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. मुंबईकडे जाणाऱ्या मालावर आणि धान्यावर पोर्तुगीज ठाणे आणि करंजा इथे जकात घेत, आणि इंग्रज वर्षानुवर्षं त्याविरुद्ध तक्रारी करत. मुंबईची नाकेबंदी त्यातून झाली नाही. जेराल्ड आँजिए या गव्हर्नरने व्यापाऱ्यांना बोलावून वसवलं, त्यांच्या धर्माला हात न लावण्याची हमी दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तोवर मुंबई आपल्या वाटेने चालू लागली होती. मुंबई वाढली याला खोल बंदरासारखी इतरही कारणं आहेत. पण शेजाऱ्याच्या तोंडचा घास महाग करून वसई श्रीमंत झाली नाही, एवढं नक्की. डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकात व्यापारातल्या मत्सरावर निबंध लिहिला, त्यात शेजारी भरभराटीला आला तर आपलंही भलं होतं असं त्यांचं म्हणणं होतं. वसईच्या किल्ल्यात उभं राहिलं की ते पटतं.

वहीत काय लिहावं

मग त्या जोडप्याला काय सांगायचं? घरपट्टी बघू नका असं आम्ही म्हणणार नाही. गरीब घरात दोन हजार रुपये म्हणजे दोन हजार रुपये असतात. पण त्या ओळीखाली आणखी काही ओळी लिहा.

एक, पाण्याचा टँकर. सोसायटी वर्षभरात टँकरवर जे घालवते ते सदनिकांच्या संख्येने भागा आणि घरपट्टीत मिळवा. जे पालिका देत नाही आणि तुम्ही विकत घेता, तो करच आहे. फक्त त्याची पावती दुसऱ्याच्या नावाने असते. दोन, त्या इमारतीची बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. घरपट्टीची पावती त्याच्या जागी चालत नाही, हे त्या बाईंनी फार महाग किमतीला शिकलं. तीन, सांडपाणी कुठे जातं. हे विचारलं की एजंट हसतो, पण विचारा. चार, प्रवासाचे तास. रोजचे तीन तास गाडीत गेले, तर तोही आपल्या आयुष्यावर बसलेला कर आहे, आणि त्यातला एक पैसाही कुठल्याच पालिकेला मिळत नाही. पाच, तुमचं म्हणणं ऐकायला तिथे कोण आहे.

या ओळी भरल्यावर विरार महाग पडेल की मीरा रोड, हे आम्हाला माहीत नाही. घराघरावर ते बदलेल. पण मग तुम्ही दोन दरांची तुलना सोडून दोन जगण्यांची तुलना करत असाल.

आणि नागरिक म्हणून सगळ्यांनी मिळून एक ओळ लिहायची आहे. वसई, मीरा-भाईंदर आणि मुंबई हे प्रतिस्पर्धी आहेत असं म्हणणं म्हणजे एकाच घरातल्या स्वयंपाकघराने आणि माजघराने एकमेकांवर कुरघोडी करण्यासारखं आहे. अर्थव्यवस्था एक आहे, रेल्वे एक आहे, पाणी एकाच डोंगराकडचं आहे. तुकडे झालेत ते तिजोरीचे. जकातीची भरपाई जुन्या वसुलीवर द्यायची की आजच्या माणसांवर, व्यवसाय करातला काही वाटा राहत्या गावाला द्यायचा की नाही, सूर्याच्या पाण्याच्या बदल्यात विक्रमगडला काय द्यायचं, हे प्रश्न आहेत. त्यांचा निकाल घरपट्टीच्या तक्त्यात लागणार नाही.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, मग आपल्याकडेही ५०० फुटांपर्यंत कर माफ करा ही मागणी चूक आहे का?

उत्तर : मागणीमागची भावना चूक नाही. मुंबईतल्या माणसाला माफ आणि आपल्याला नाही, हे डाचणारच. पण आपल्या शहरात लहान घरंच बहुसंख्य. त्यांचा कर काढून घेतला, तर त्याच घरांना टँकरवर तेवढेच पैसे घालावे लागतील, कदाचित जास्त. माफी मागायची तर तिच्याबरोबर राज्याकडून त्या रकमेची भरपाई मागा, ती लिहून घ्या. नाहीतर आपणच आपल्या नळाचं पाणी माफ केल्यासारखं होईल.

प्रश्न : ज्यांच्या इमारती बेकायदा ठरल्या, त्यांनी तरी कर भरावा का?

उत्तर : कायदा म्हणतो, भरावा. आम्हीही भरू नका असं सांगणार नाही, कारण त्यांच्या दारातला कचरा कुणीतरी उचलतोच. पण ज्याच्याकडून आपण दर वर्षी पैसे घेतो त्याच्याशी आपलं काहीतरी नातं तयार होतं, असं आम्हाला वाटतं. इमारत वाचवता येत नसेल, ती धोक्याची असेल, तर पाडावी लागेल. त्या माणसाला रात्रीत रस्त्यावर आणता येणार नाही. त्याची पर्यायी सोय आधी, हातोडा नंतर. त्या पावत्यांमधून पालिकेने एवढं तरी देणं मान्य करायला हवं. त्या बाई सध्या भाईंदरला भावाकडे राहतात. पावत्या अजून जपून ठेवल्या आहेत म्हणे.